घरातील गळती-रक्षक स्विच : दोष कोणाचा आणि बदल केव्हा?

(घरगुती वीजसुरक्षेवरील व्याख्यानाचा मजकूर)

महाराष्ट्रात वर्षातून दोन वेळा घरातील विजेच्या जोडणीची खरी कसोटी लागते. वैशाखाचा उन्हाळा तापू लागला की विदर्भात आणि मराठवाड्यात घरोघरी पत्र्याचे कूलर खिडकीला लागतात. पाणी, लोखंडी पत्रा आणि वीज ही तिन्ही एकत्र येतात. त्यानंतर मृगाचा पाऊस सुरू झाला की कोकणात आणि घाटमाथ्यावर भिंती ओल धरतात व भिंतीतील जुन्या तारांच्या वेष्टनापर्यंत तो ओलावा पोहोचतो. नेमक्या याच दिवसांत अनेक घरांतील मीटरजवळच्या पेटीत बसविलेला एक स्विच वारंवार पडू लागतो. लोक त्याला जुन्या सवयीने ‘ईएलसीबी’ म्हणतात. आज वापरात असलेल्या साधनाचे नाव ‘रेसिड्युअल करंट सर्किट ब्रेकर’, संक्षेपाने ‘आरसीसीबी’ असे आहे. मराठीत त्याला गळती-रक्षक स्विच म्हणता येईल.

हा स्विच पडला की घरात अंधार होतो, फ्रिज बंद पडतो, मुलांचा अभ्यास खोळंबतो. मग घाईघाईने कोणा माहीतगाराला बोलावले जाते. तो पाहतो आणि सांगतो की, स्विच खराब झाला आहे, तूर्त डायरेक्ट जोडून देतो, नवा आणला की बसवू. दिवे लागतात, पंखे फिरू लागतात, सर्वांना हायसे वाटते. नवा स्विच आणण्याचे मात्र राहून जाते. त्या घरातील माणसांच्या जिवाचा पहारेकरी त्या दिवसापासून जागेवर नसतो आणि ही गोष्ट घरातील कोणाच्याही ध्यानात राहत नाही.

म्हणून हा स्विच बदलण्याचा विचार करताना तीन प्रश्नांची उत्तरे क्रमाने मिळवावी लागतात. स्विच का पडतो? दोष स्विचचा आहे की घरातील जोडणीचा? आणि दोष स्विचचाच असेल तर तो कोणी व कसा बदलावा?

फ्यूज असताना हे साधन कशाला?

घरात फ्यूज आहे, नवी एमसीबी आहे, मग आणखी एक स्विच कशाला, असा प्रश्न सर्वसामान्य नागरिकाला पडणे स्वाभाविक आहे. थोड्या हिशेबाने त्याचे उत्तर मिळते. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ओल्या हाताच्या आणि अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध सुमारे १,००० ओहम धरला, तर त्याच्या शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जाईल. सहा अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा प्रवाह एखाद्या दिव्याइतकाच आहे. ती पडणार नाही, फ्यूजची तारही वितळणार नाही. फ्यूज आणि एमसीबी यांचे काम तारांना अतिभारापासून व शॉर्टसर्किटपासून वाचविण्याचे आहे. माणसाचा जीव वाचविणे हे त्यांच्या आवाक्यातील काम नव्हे.

माणसाच्या हृदयाला मात्र याहून पुष्कळच कमी प्रवाह घातक ठरतो. सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाहाला झिणझिण्या जाणवतात. दहा ते सोळा मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू असे आखडतात की हातातील वस्तू सोडविता येत नाही. त्यापुढे प्रवाह वाढला आणि काही क्षण टिकला की श्वास अडतो व हृदयाची लय बिघडते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी विजेच्या धक्क्याचा शरीरावर होणारा परिणाम वर्षानुवर्षे अभ्यासला आणि त्यातून १९६१ च्या सुमारास तेथील गळती-रक्षक साधन सिद्ध केले. अमेरिकेत ते सुमारे पाच मिलिअँपिअर गळतीला वीज तोडते. भारतात आणि युरोपात माणसाच्या संरक्षणासाठी तीस मिलिअँपिअरची मर्यादा स्वीकारण्यात आली आहे. २३० व्होल्टला तीस मिलिअँपिअर म्हणजे सात वॅटच्या दिव्याला लागेल एवढा प्रवाह. एवढीशी गळती ओळखून डोळ्याची पापणी लवण्याच्या आत वीज तोडणे हेच या साधनाचे काम आहे.

जमाखर्चाचे तत्त्व

या साधनाची रचना समजावयास कठीण नाही. दुकानदार संध्याकाळी गल्ला मोजतो, त्याप्रमाणे हा स्विच दर क्षणाला विजेचा जमाखर्च पाहतो. फेजच्या तारेने जेवढा प्रवाह घरात गेला तेवढाच न्यूट्रलच्या तारेने परत आला पाहिजे. या दोन्ही तारा साधनातील एका लोखंडी कड्यातून जातात. जाणारा व येणारा प्रवाह सारखा असेल तर त्यांचे चुंबकीय परिणाम परस्परांना छेद देतात आणि कडे शांत राहते. प्रवाहाचा काही भाग कूलरच्या पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीत गेला की परत येणारा प्रवाह कमी पडतो. तोल बिघडतो, कड्यावरील तिसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तिच्या बळावर स्विचची कळ सुटते.

जुन्या घरांत क्वचित एक वेगळे साधन आढळते. उपकरणाची बाह्यांगे आणि जमीन यांच्यामधील विजेचा दाब वाढला तरच ते पडते. गळती अर्थिंगच्या तारेऐवजी माणसाच्या शरीरातून झाली तर त्याला काही कळत नाही. असे जुने व्होल्टेजवर चालणारे ईएलसीबी अद्याप पेटीत असेल, तर ते चालू असले तरीही बदलून घेणे योग्य.

दोष स्विचचा की घराचा?

स्विच पडतो याचा अर्थ तो बिघडला असा बहुतेक वेळा नसतो. उलट तो आपले काम चोख करीत असतो. म्हणून नवा स्विच विकत घेण्यापूर्वी तपासणी करणे आवश्यक आहे. या तपासणीचा पहिला भाग घरातील कोणतीही जाणती व्यक्ती पेटी न उघडता करू शकते.

प्रथम घरातील सर्व उपकरणांचे प्लग सॉकेटमधून काढावेत. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही; प्लग बाहेर आला पाहिजे. सर्व एमसीबी खाली कराव्यात. नंतर गळती-रक्षक स्विचची कळ आधी पूर्ण खाली दाबून मग वर करावी. अनेक बनावटींत कळ मध्येच अडकते आणि पूर्ण खाली घेतल्याखेरीज ती वर टिकत नाही. स्विच टिकला की एकेक एमसीबी वर करावी आणि मग एकेक उपकरण जोडून चालू करावे. ज्या उपकरणाच्या वेळी स्विच पडेल, त्या उपकरणात गळती आहे असे समजावे. गीझरची तापक कांडी, कूलरचा पाण्याचा पंप, कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री आणि पाणी चढविण्याची मोटर ही या बाबतीतील नेहमीची कारणे आहेत. असे उपकरण दुरुस्त होईपर्यंत बाजूला ठेवावे. स्विच बदलून तो दोष जाणार नाही.

दुसरी शक्यता अशी की, कोणतेही एक उपकरण दोषी नसते, परंतु सर्वांची मिळून गळती मर्यादेपर्यंत जाते. संगणक, धुलाईयंत्र आणि वातानुकूलन यंत्र यांतून थोडी गळती स्वभावतःच होत असते. तीस मिलिअँपिअरचा स्विच पंधरा ते तीसच्या दरम्यान केव्हाही पडू शकतो. अशा घरात स्विच नवा आणूनही तक्रार तशीच राहते. सर्किटांची वाटणी करून दोन स्वतंत्र गळती-रक्षक बसविणे हा त्यावरील खरा उपाय होय.

तिसरी शक्यता पुष्कळांना चकविते. काही चालू नसताना स्विच टिकतो आणि कोणत्याही खोलीतील कोणतेही उपकरण लावले तरी पडतो. अशा वेळी बहुधा न्यूट्रलची तार कोठे तरी अर्थिंगला किंवा ओल्या भिंतीला लागलेली असते. घरातील साध्या एमसीबीने फक्त फेज तुटते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणून एमसीबी खाली करून हा दोष सापडत नाही. एका सर्किटाचा न्यूट्रल दुसऱ्या गळती-रक्षकाच्या न्यूट्रलमध्ये मिसळला असेल तरीही असाच प्रकार होतो. हा शोध परवानाधारक तारतंत्र्यानेच घ्यावा. तो वीज बंद करून न्यूट्रलच्या तारा सुट्या करतो आणि ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक सर्किटाचा विद्युतरोध मोजतो. तो एक मेगओहमच्या खाली आढळला तर जोडणीत दोष आहे असे समजले जाते.

स्विच खरोखर नादुरुस्त केव्हा?

स्विचमधून बाहेर जाणाऱ्या घराच्या दोन्ही तारा तारतंत्र्याने सोडविल्यानंतरही तो टिकत नसेल, तर दोष निःसंशय स्विचचा आहे. त्याची पेटी तापून काळवंडली असेल, जळका वास येत असेल किंवा कळ सैल झाली असेल तरीही तो बदलावा.

परंतु यापेक्षाही घातक असा दुसरा बिघाड आहे आणि तो मुकाट असतो. काही स्विच कधीच पडत नाहीत. घरातील मंडळी त्यावर खूष असतात. वर्षानुवर्षे न हललेल्या कळेचे आतील भाग धूळ, दमट हवा आणि सुकलेले वंगण यांमुळे चिकटून बसलेले असतात आणि गळती झाली तरी स्विच जागचा हलत नाही. वारंवार पडणारा स्विच त्रास देतो, न पडणारा बिघडलेला स्विच विश्वासघात करतो. या दोघांत दुसऱ्याचे भय अधिक मानले पाहिजे.

ही परीक्षा करण्यासाठी प्रत्येक गळती-रक्षकावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ असे अक्षर असलेले लहान बटण असते. ते दाबले की साधनात मुद्दाम थोडी गळती निर्माण होते आणि स्विच तत्काळ पडला पाहिजे. महिन्यातून एकदा, वीज चालू असताना हे बटण दाबावे. वीजबिल भरण्याच्या दिवशी ते दाबण्याची सवय लावून घेतली तर विसर पडत नाही. बटण दाबून स्विच पडला नाही तर पुन्हा पुन्हा दाबत बसू नये. पेटीपर्यंत वीज येत आहे याची खात्री करून घ्यावी, आणि ती येत असेल तर तो स्विच नादुरुस्त समजून बदलून घ्यावा.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. हे बटण केवळ स्विचची परीक्षा करते; घराचे अर्थिंग चांगले आहे की नाही हे त्यावरून कळत नाही, कारण बटणाच्या परीक्षेचा प्रवाह अर्थिंगच्या तारेतून जातच नाही.

नव्या स्विचची निवड

नवा स्विच घेताना त्यावरील अक्षरे वाचून घ्यावीत. भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह आणि आयएस १२६४० हा मानक क्रमांक त्यावर असावा. गळतीची मर्यादा तीस मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर असावी. शंभर किंवा तीनशे मिलिअँपिअरचे स्विच आगीपासून संरक्षणासाठी असतात. माणसाच्या संरक्षणासाठी ते चालत नाहीत. एकफेजी जोडणीस दोन ध्रुवांचा व तीनफेजी जोडणीस चार ध्रुवांचा स्विच लागतो. त्याचे अँपिअर त्याच्या आधीच्या मुख्य एमसीबीपेक्षा कमी नसावेत.

स्विचवर आणखी एक खूण असते. ‘एसी’ प्रकारचा स्विच साध्या प्रत्यावर्ती प्रवाहाची गळती ओळखतो. ‘ए’ प्रकारचा स्विच इलेक्ट्रॉनिक उपकरणांतून होणारी खंडित स्वरूपाची गळतीही ओळखतो. येथील ‘एसी’ या अक्षरांचा वातानुकूलन यंत्राशी काही संबंध नाही. आजच्या घरांतील इन्व्हर्टर पद्धतीची यंत्रे पाहता ‘ए’ प्रकार घेणे अधिक हिताचे.

आरसीसीबी अतिभारापासून संरक्षण देत नाही, म्हणून तिच्या जोडीला एमसीबी असणे अनिवार्य आहे. दोन्ही कामे एकत्र करणारे साधनही मिळते. त्यास ‘आरसीबीओ’ म्हणतात.

बदलाची रीत

हे काम शासनाच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना असलेल्या तारतंत्र्याकडून करून घ्यावे. घरमालकाने क्रम मात्र समजून घ्यावा, म्हणजे काम नीट होते आहे की नाही हे त्याला कळते.

पहिली पायरी म्हणजे स्विचच्या आधीचा मेन स्विच बंद करणे आणि तो कोणी चालू करणार नाही याची व्यवस्था करणे. अनेक इमारतींत तो तळमजल्यावरील मीटरच्या खोलीत असतो. तेथे एक माणूस उभा ठेवावा किंवा कुलूप लावावे. गळती-रक्षकाच्या आधी तोडण्याची काही सोयच नसेल तर वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीस कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. मीटरच्या सीलला व कंपनीच्या कटआउटला कोणीही परस्पर हात लावू नये.

दुसरी पायरी अनेकदा विसरली जाते. घरात बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर किंवा छतावर सौरपट्ट्या असतील तर मेन स्विच बंद असूनही तारांत वीज असू शकते. तीही बंद करावी. त्यानंतर चालू असल्याची खात्री केलेल्या परीक्षण-दिव्याने किंवा मापकाने फेज व न्यूट्रल, फेज व अर्थ, न्यूट्रल व अर्थ अशा तिन्ही ठिकाणी वीज नाही हे पाहावे.

तिसऱ्या पायरीत येणाऱ्या व जाणाऱ्या तारांना खुणेच्या चिठ्ठ्या लावून मग जुना स्विच काढावा. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा नव्या स्विचमधून गेल्याच पाहिजेत आणि न्यूट्रलची तार ‘एन’ खूण असलेल्या जागीच बसली पाहिजे. येणारी बाजू कोणती व जाणारी कोणती हे स्विचवर छापलेल्या आकृतीवरून ठरवावे. स्विचच्या पुढे न्यूट्रल आणि अर्थ यांची गाठ कोठेही पडता कामा नये. तारांची जळकी टोके कापून नवी करावीत व स्क्रू घट्ट आवळावेत. सैल जोड तापतो आणि नव्या स्विचचाही नाश करतो.

पेटीचे झाकण बसविल्यानंतर वीज चालू करून आधी टेस्ट बटण दाबावे. मग एकेक एमसीबी वर करावी. तारतंत्र्याजवळ आरसीसीबी तपासण्याचे यंत्र असेल तर त्याने प्रत्यक्ष वेळ मोजून घ्यावी. तीस मिलिअँपिअर गळतीला तीनशे मिलिसेकंदांच्या आत आणि दीडशे मिलिअँपिअरला चाळीस मिलिसेकंदांच्या आत स्विच पडला पाहिजे. पंधरा मिलिअँपिअरला तो पडता कामा नये. बदलाची तारीख लिहिलेली चिठ्ठी पेटीच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवल्यास पुढील तपासणीस उपयोग होतो.

अर्थिंगची जोड आणि साधनाच्या मर्यादा

गळती-रक्षक बसविला म्हणजे अर्थिंगची गरज उरत नाही, हा समज चुकीचा आहे. अर्थिंग चांगले असेल तर कूलरच्या पत्र्यात वीज उतरताक्षणीच ती जमिनीकडे वाहू लागते आणि स्विच कोणी हात लावण्यापूर्वीच पडतो. अर्थिंग नसेल तर गळतीला वाट मिळण्यासाठी कोणाचा तरी हात लागावा लागतो. स्विच त्यानंतर पडतो आणि धक्का बसायचा तो बसतोच. कूलर किंवा गीझर दोन पिनांच्या प्लगवर चालविणे म्हणजे हे संरक्षण अर्धे करणे होय.

शिवाय, लाकडी स्टुलावर उभे राहून एखाद्याने एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर जाणारा आणि येणारा प्रवाह सारखाच राहतो आणि हे साधन त्या माणसाला वाचवू शकत नाही. म्हणून काम करताना वीज बंद करण्याचा नियम या साधनामुळे रद्द होत नाही. धक्का बसलेल्या माणसाला उघड्या हाताने ओढू नये. आधी वीज तोडावी. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कायद्यानेही या साधनाचे महत्त्व मान्य केले आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत पुढे नियम ६१-अ द्वारे गळती-रक्षकाची तरतूद करण्यात आली. त्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांतही ती कायम राहिली आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आले. परंतु नियम पुस्तकात असतो आणि स्विच घरात. तो जागेवर आहे की नाही हे घरातील माणसांनीच पाहावयाचे असते.

ज्या घरात हा स्विच पूर्वी कधी डायरेक्ट करून ठेवलेला असेल, त्या घराने पुढच्या कूलरची किंवा पुढच्या पावसाची वाट पाहू नये. परवानाधारक तारतंत्र्याला बोलावून गळती शोधून घ्यावी, आवश्यक तर स्विच बदलावा आणि तो चालतो हे टेस्ट बटण दाबून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. जेथे स्विच आहे पण बटण कधी दाबलेच नाही, तेथे ते आज दाबावे. एका क्षणाचा अंधार होईल आणि पहारेकरी जागा असल्याची खात्री पटेल.